रकाना नसलेला आजार

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पिकल्या पानाने गळावे तसे म्हाताऱ्याने विसरावे, असाच तिचा भाव. त्यामुळे विसरण्याला कुणी आजार म्हणत नसे, आणि जो आजारच नाही त्याच्यासाठी मदत मागायला कुणी सरकारच्या दारात जात नसे.

माझ्या थोरल्या वहिनी गेली पाच वर्षे स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत. दादा गेले, मूलबाळ नाही, त्यामुळे त्या आमच्याकडेच चाकूरला असतात. त्यांच्यासाठी काही सोय होते का, हे शोधताना तहसीलपासून लातूरपर्यंत बऱ्याच खेपा झाल्या. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे असेल, प्रत्येक खिडकीपाशी एकच प्रश्न मनात येई: ही खिडकी कधी उघडली, आणि कुणासाठी?

सुरुवात शब्दापासून करू. स्मृतिभ्रंश हा शब्द जुनाच, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो. पण तिथे तो क्रोधातून आणि मोहातून येतो, म्हणजे तो माणसाच्या वागण्याचा दोष आहे, रोग नव्हे. रोग म्हणून त्याची ओळख जर्मनीत पटली. १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे लिहून ठेवत. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेन येथे आपले निष्कर्ष मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरांचे नाव दिले. जपानमध्ये तर २००४ पर्यंत या आजाराचा सरकारी शब्दच ‘मूढपणा’ अशा अर्थाचा होता. लोक लाजेने डॉक्टरकडे जात नाहीत, म्हणून शासनाने तो बदलला.

आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ चा ‘लुनसी ॲक्ट’ होता. वेड्याला कुठे आणि कुणाच्या हुकमाने ठेवायचे, एवढीच त्याची चिंता. स्वातंत्र्यानंतरही तो चालू राहिला, १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो गेला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्याचे वेड्यांचे इस्पितळ बरीच वर्षे आपल्या जालन्यात होते. १९५३ मध्ये ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात गेले, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला तो मनोरुग्णालयाविनाच. महाराष्ट्राची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. अलीकडे शासनाने पुन्हा जालन्यालाच नवे उभारायचे ठरवले आहे.

दुसरी खिडकी निराधारांची. संजय गांधी निराधार योजना १९८० ची. पुढे श्रावणबाळ योजना आली. २०२३ पासून यांत महिना १,५०० रुपये मिळू लागले. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवे. वहिनींना दादांचे कुटुंब निवृत्तिवेतन आहे, तेव्हा ही खिडकी आम्हाला बंद, आणि ते योग्यच आहे. मात्र जिथे ती उघडी आहे, तिथेही मोजली जाते ती गरिबी. रात्री तीन वेळा उठून दाराची कडी काढणारे माणूस सांभाळायला किती हात लागतात, हे त्या अर्जात विचारलेले नाही.

तिसरी खिडकी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याची. आई-वडिलांना टाकणाऱ्याला शिक्षा आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडे पोटगीची दाद, या तरतुदी चांगल्याच. पण कायद्यातली ‘मुले’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. वहिनींना न्हाऊ-माखू घालते, जेवण भरवते ती माझी पत्नी, नात्याने त्यांची जाऊ, आणि तिच्या जोडीला आमची सून. न सांभाळणाऱ्याची दखल या कायद्याने घेतली, सांभाळणारी मात्र त्याला दिसली नाही.

चौथी खिडकी दिव्यांगांची. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यांत स्मृतिभ्रंशाचे वेगळे नाव नाही, तो मानसिक आजाराच्या रकान्यात बसवावा लागतो. याच कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. तो वाचून मी आशेने अर्ज घेऊन निघालो. एका कार्यालयात तिथल्या माणसाने वहिनींना नाव विचारले. त्यांनी ठणठणीत आवाजात नाव सांगितले, गाव सांगितले. दोन्ही माहेरचे. “सर, आज्जी तर चांगल्या बोलायल्यात की!” असे म्हणून त्याने कागद बाजूला सारला. त्याला काय सांगावे? वहिनींना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण १९४८ आठवते. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. दिवस मावळला की त्या आजही सुनेला म्हणतात, “दार लाव गं माय, रझाकार येतील.” आमच्या भागातल्या ऐंशी ओलांडलेल्या कितीतरी घरांत संध्याकाळी हेच साल उगवत असेल.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सांभाळणारेही निदान तेवढेच. त्यांचा इतिहास पाहायचा तर इंग्लंडकडे पाहावे लागते. मेरी वेबस्टर या धर्मोपदेशक बाईंनी १९५४ मध्ये आई-वडिलांसाठी काम सोडले. १९६३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहून अशा बायकांची कोंडी मांडली आणि १९६५ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. १९७६ मध्ये सांभाळणाऱ्यांना भत्ता सुरू झाला, पण लग्न झालेल्या बायकांना वगळून. त्या तशाही घरीच असतात ना! जॅकलिन ड्रेक ही विवाहित बाई आजारी आईला सांभाळत होती. ती युरोपीय न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा १९८६ मध्ये हा भेद संपला. आपल्या देशात केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी थोडी रक्कम ठेवली. रक्कम लहान, पण रकाना तयार झाला.

आमच्या सुनेने दोन वर्षांपूर्वी शिकवण्याची नोकरी सोडली. कुणी तिला सोड म्हटले नाही, आणि सोडू नको असेही कुणाला म्हणता आले नाही, कारण दुपारी घरात दुसरे माणूस नव्हते. ‘तशीही घरीच असते’ हे वाक्य आता तिच्याबद्दल आमच्या गल्लीत बोलले जाते.

मला रोख रकमेपेक्षा एक साधी गोष्ट हवी आहे. १९७५ मध्ये बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाडी आली. लेकराला पोषण, आरोग्य आणि शाळेआधीचे शिक्षण घराजवळ मिळायला हवे, हे शासनाला तेव्हा पटले. तशीच चार तासांची जागा तालुक्याला एक, विसरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी का नसावी? दोन प्रशिक्षित बाया, कडी लावलेले अंगण, दुपारचा चहा. सून अर्धा दिवस तरी शाळेत जाऊ शकेल.

ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना एवढेच सांगतो: आधी डॉक्टरांकडून निदान लेखी घ्या. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज मानसिक आजाराखाली करा, आणि तिथे जाताना घरातले प्रसंग तारखेनिशी लिहून न्या, कारण पाच मिनिटांच्या भेटीत हा आजार दिसत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फोन क्रमांक २०२१ पासून आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या बैठकीत त्या चार तासांच्या जागेचा ठराव मी मांडणार आहे. तुमच्या गावातही कुणी मांडला, तर मला जरूर कळवा.