निर्वासितांची व्यवहारी इंग्रजी

नित्य व्यवहारातील इंग्रजी वाक्यांच्या पुस्तिकांना अभ्यासक सहसा गंभीर वाङ्मयात स्थान देत नाहीत. तथापि भाषेतिहासाची काही मोलाची साधने याच उपेक्षित वर्गात सापडतात, हे एका उदाहरणावरून दिसून येईल.

२४ ऑगस्ट १५७२ रोजी पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल आरंभली आणि अनेक ह्यूगनॉट कुटुंबांनी इंग्लंडचा आश्रय घेतला. त्यांच्यातील कारागिरांच्या हाती कसब होते. उणीव होती ती भाषेची. ती भरून काढण्यासाठी त्यांच्यातीलच झाक बेलो याने १५८० मध्ये इंग्रजीचे एक शिक्षणपुस्तक व १५८६ मध्ये ‘फॅमिलिअर डायलॉग्ज’ हा संवादसंग्रह प्रसिद्ध केला.

या संग्रहात एका दिवसाचा क्रम आहे. सकाळी उठणे, मुलांना शाळेत धाडणे, कापडवाला, मासळीवाला व खाटीक यांच्याकडील खरेदी आणि सायंकाळी स्नेह्यांसह भोजन. भोजनप्रसंगी बोलणे साहजिकच मायदेशाच्या परिस्थितीकडे वळते. बाजारात फसगत होऊ नये आणि शेजारात परकेपण जाणवू नये, या दोन गरजांनीच येथील वाक्यांची निवड केली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

भाषाशास्त्रदृष्ट्या अधिक महत्त्वाची आहे ती पुस्तकाची मांडणी. इंग्रजी वाक्य, फ्रेंच अर्थ आणि फ्रेंच वर्णांच्या आधारे दिलेला इंग्रजी उच्चार असे तीन स्तंभ त्यात आहेत. इंग्रजीचे दीर्घ स्वर त्या काळी पालटत होते व लेखन उच्चारापासून दुरावत होते. अशा वेळी परकीयाने कानाने टिपलेला उच्चार हा स्वतंत्र पुरावा ठरतो. मात्र तो कान फ्रेंच होता, हे विसरून चालणार नाही. फ्रेंच ध्वनिव्यवस्थेचा संस्कार वजा केल्यावाचून ही साक्ष ग्राह्य मानता येत नाही.

१६८५ मध्ये फ्रान्सने नांतचा धर्मसहिष्णुतेचा आदेश रद्द केला, तेव्हा निर्वासितांची नवी लाट आली. त्याच वर्षी गी मिएज याचे फ्रेंच भाषकांसाठी इंग्रजीचे पुस्तक निघाले.

मराठीतील संभाषणपुस्तिकांतही नागरी उच्चारांचा असाच स्तंभ आढळतो. तेथे ‘थिंक’मधील घर्षक ध्वनी आपल्या महाप्राण ‘थ’ने दर्शविला जातो. तो स्तंभ मराठी माणसाच्या इंग्रजीची साक्ष देतो. म्हणून या पुस्तिका रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयांनी संग्रहित करणे अगत्याचे आहे.