घोषणा झाली, कागद कुठे आहे?

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरायला सुरुवात झाली, ते दिवस आठवतात ना? सुरुवातीला अधिवास दाखला मागितला होता. आमच्या गटातल्या चौघींनी त्यासाठी रोज बुडवला, एजंटाच्या हातावर पैसे ठेवले. आणि काही दिवसांतच नियम बदलला. पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, यांतलं एक असलं तरी चालणार होतं. हे आम्हाला कळलं बाजाराच्या दिवशी, एसटीत. तोवर पैसे गेले होते.

म्हणून आज राजस्थानातल्या मजूर बायांची गोष्ट सांगणार आहोत.

राजसमंद जिल्ह्यात देवडुंगरी नावाचं छोटं गाव आहे. १९८७ साली अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह तिथे एका मातीच्या घरात राहायला आले. भाग दुष्काळी. सरकारी कामावर राबायचं आणि मजुरी मात्र ठरल्यापेक्षा कमी. विचारलं की उत्तर एकच, मापात काम भरलं नाही. मग मापाची वही दाखवा म्हटलं, तर ती गुप्त! आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते आपणच बघायचं नाही. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात आया-आज्ज्या खडी फोडायला गेल्या, त्यांनीही मस्टरवर अंगठे उठवले. वर काय लिहिलंय ते किती जणींना कुणी वाचून दाखवलं असेल?

तिथल्या लोकांनी १९९० साली, १ मे रोजी, मजदूर किसान शक्ती संघटना उभी केली. पुढे त्यांनी खटपट करून काही कागद मिळवले आणि २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावात पहिली जनसुनावणी भरवली. तिथे मस्टर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. कामावर कधीच न गेलेल्यांची नावं त्यात निघाली. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळत होतं, कारण गावात कोण कामावर होतं नि कोण नव्हतं हे तिला कागदापेक्षा जास्त ठाऊक. कागद आणि गाव समोरासमोर आले की खोटं टिकत नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. १९९५ च्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत जाहीर केलं की गावातल्या कामांच्या कागदांच्या नकला लोकांना मिळतील. लोक नकला मागायला गेले, तर कचेरीत उत्तर मिळालं की आदेशच आलेला नाही. वर्ष गेलं. मग ६ एप्रिल १९९६ ला ब्यावर शहरात धरणं सुरू झालं, चाळीस दिवस चाललं. खेड्यांतून धान्य आलं, मंडईतून भाजी आली. भर एप्रिल-मेच्या उन्हात माणसं बसली ती एका लेखी आदेशासाठी.

२००० साली राजस्थानात माहितीचा कायदा झाला. महाराष्ट्रातही झाला. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर माहितीचा अधिकार लागू झाला. ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये भरून अर्ज करायचा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ते दहा रुपयेही नाहीत.

पण प्रत्येक गोष्टीला अर्ज कशाला? शासन निर्णय, म्हणजे ज्याला सगळे जीआर म्हणतात, तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीतच असतो, तारीख आणि संकेतांकासकट. भाषा जड असते, हे खरं. आम्ही गटाच्या बैठकीत तो मोठ्यानं वाचतो, अडलं तर ग्रामसेवकाला विचारतो. जुलैतला तो बदलही असाच लेखी होता. आम्ही ऐकत बसलो, वाचला नाही.

गेल्या महिन्यात फोनवर मेसेज आला, महिलांना मोफत शिलाई मशीन, आजच नाव द्या, दोनशे रुपये पाठवा. आम्ही पाठवणाऱ्याला उलट विचारलं, दादा, जीआरची तारीख आणि संकेतांक सांगा. अजून उत्तर आलेलं नाही.