तोंडात आधी दिसलेले आजार

मेंदू आणि मज्जातंतू झिजवणाऱ्या आजारांचा इतिहास सांगताना शवविच्छेदन आणि सूक्ष्मदर्शक यांनाच मान मिळतो. या आजारांची पहिली वर्णनं करणाऱ्यांनी रोग्याचं तोंड किती बारकाईने पाहिलं होतं, हे मागेच राहतं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवातावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकाला आधार होता अवघ्या सहा रोग्यांचा. त्यांतले काही तर रस्त्यात दिसलेले. तरीही त्यांनी लाळ गळण्याचं कारण अचूक हेरलं: ती घशाकडे ढकललीच जात नाही, आणि तोंडात राहिलेले अन्नकणही रोग्याला काढता येत नाहीत. १८६० मध्ये फ्रान्सच्या द्युशेन यांनी जीभ, टाळू आणि ओठ लुळे पडत जाणाऱ्या आजाराचं वर्णन केलं.

ही नजर दंतवैद्यकात पुरेशी का रुजली नाही? माझ्या मते कारण शिक्षणाच्या वाटणीत आहे. १८४० मध्ये बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं स्वतंत्र महाविद्यालय निघालं. पुढे आपल्याकडेही, कोलकात्यात १९२० मध्ये आणि मुंबईच्या नायर रुग्णालयात १९३३ मध्ये, अशी महाविद्यालयं उभी राहिली. या वेगळेपणामुळेच दंतवैद्यकाला प्रतिष्ठा आणि कौशल्य लाभलं, हे निर्विवाद. पण दात एकाच्या वाट्याला आले, तर जिभेची हालचाल आणि गिळणं दुसऱ्याच्या.

असे आजार तोंडात आधी दिसू शकतात, यावर आक्षेप येतील. पार्किन्सन यांनी वर्णिलेली लाळ आजार बळावल्यानंतरची होती, हे खरं. मात्र द्युशेन यांनी वर्णिलेल्या आजाराची सुरुवातच तोंडातून होते. तोंडातल्या इतर खुणांपैकी कोरडं तोंड औषधांनीही होतं आणि कवळी हाड झिजल्यानेही सैल पडते, हेही खरं. म्हणूनच एका लक्षणावर निदान करू नये. आजाराची खूण म्हणून जिभेची फडफड पाहायची तर जीभ तोंडात शांत पडलेली असताना पाहावी लागते. बाहेर काढलेली निरोगी जीभही थरथरते. निदान मेंदूविकारतज्ज्ञच करतील. पण तेच तोंड वर्षानुवर्षं पाहणाऱ्या दंतवैद्याला बदल आधी जाणवू शकतो. आजार बरा होणारा नसला, तरी रोग्याला खुर्चीत स्थिर बसता येतं तोवर दातांचे उपचार उरकता येतात, गिळण्याची काळजी घेता येते. त्यासाठी तपासणीच्या कागदावर दातांच्या आकृतीशेजारी जीभ, गिळणं आणि बोलणं यांची नोंद दरवेळी व्हायला हवी.