तपकिरीची डबी आणि अणुतेलाची बाटली

मराठीत एका रंगाला नाव मिळाले ते नाकात ओढायच्या पुडीवरून. मातीचा रंग, खोडाचा रंग असे काहीही म्हणता आले असते. पण आपल्या लोकांना तो रंग दिसला की डबीतली तंबाखूची पूडच आठवली, आणि रंग ‘तपकिरी’ झाला. ही चीज घराघरांत किती मुरली होती हे यावरून कळावे. आपल्यापैकी साठीच्या पुढच्या बऱ्याच जणांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना (त्यात आज्याही आल्या) चिमूट नाकाशी नेऊन, दोन सणसणीत शिंका देऊन, “आता कसं डोकं हलकं झालं!” असे म्हणताना पाहिले असेल. काही घरांत त्याच फडताळात नस्याच्या तेलाची बाटलीही असे. दोन्हींमागची कल्पना एकच. वनस्पतीतले काहीतरी नाकात घालायचे आणि परिणाम डोक्यात व्हायची वाट पाहायची.

अलीकडे ‘नाकातून थेट मेंदूकडे औषध’ या संशोधनाच्या बातम्या वारंवार येतात, आणि त्यापाठोपाठ “हे आमच्या ऋषींना केव्हाच ठाऊक होते” हे वाक्यही हमखास येते. त्यात खरे किती आणि पदरचे किती, हे जरा इतिहासात शिरून पाहू.

खरे पुष्कळ आहे. चरकसंहिता आणि त्यानंतरचे वाग्भटाचे अष्टांगहृदय, दोन्ही नाकाला मस्तकाचे दार मानतात. वाग्भटाने सूत्रस्थानातला अख्खा विसावा अध्याय नस्याला दिला आहे. चरकाने सांगितलेल्या अणुतेलाची कृती वाचली तर आजची गृहिणी हात टेकेल. चंदन, अगरू, दारुहळद, ज्येष्ठमध, वेलची, वावडिंग, बेल अशी भली मोठी यादी. ती स्वच्छ पावसाच्या पाण्यात उकळून आटवायची, त्या काढ्यात तिळाचे तेल एकदा नव्हे, दहा वेळा सिद्ध करायचे, आणि दहाव्या खेपेला बकरीचे दूध घालायचे. ते घ्यायचे कधी, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला, शरदात आणि वसंतात, तेही आकाश निरभ्र असताना. तेलच नव्हे, कोरडी पूडसुद्धा होती. सहा अंगुळे लांबीच्या, दोन्ही तोंडे उघडी असलेल्या नळीतून ती नाकात फुंकत.

माझ्या मते या अध्यायातला सर्वांत वाचनीय भाग मनाईचा आहे. नस्य कोणाला देऊ नये याची यादी लांबलचक आहे. सात वर्षांखालच्या मुलाला नको आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाला नको, असे वाग्भट वयाचे आकडे देऊन सांगतो. मात्राही मोजून दिली आहे. तर्जनीची दोन पेरे तेलात बुडवून वर काढली की जो थेंब पडतो तो एक बिंदू. रोजच्या सौम्य नस्याला असे दोन बिंदू, आणि मोठ्या मात्रेच्या नस्याला सहा, आठ किंवा दहा. अभिमानाने ग्रंथाचे नाव घेणाऱ्यांनी हा भागही मुलांना सांगावा.

मात्र हे दार एकट्या भारताला सापडले होते असे नाही. १४९३ मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर रामोन पाने नावाचा एक धर्मसेवक होता. त्याने कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. तिथले पुजारी ‘कोहोबा’ नावाची पूड नळीने नाकात ओढून देवांशी बोलत. अभ्यासकांच्या मते ती एका शेंगवर्गीय झाडाच्या बियांची होती. दक्षिण अमेरिकेत ही प्रथा त्याहून कितीतरी जुनी. बोलिव्हियातल्या एका गुहेत सुमारे हजार वर्षांपूर्वीची कातडी पिशवी सापडली, तिचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्ह्यांच्या तीन मुस्कटांचे कातडे शिवून केलेली एक थैली, पूड ओढायची नळी, लाकडी तबके असा सरंजाम तिच्यात होता, आणि थैलीत कोकेनसह अनेक वनस्पतींच्या द्रव्यांचे अंश मिळाले. त्यातल्या डीएमटी या द्रव्याची गंमत अशी, की ते नुसते गिळले तर शरीरातली एन्झाइम वाटेतच त्याचा निकाल लावतात आणि परिणाम जवळजवळ होत नाही. म्हणजे पोटाची वाट चुकवून नाकाची वाट धरायची हे त्या लोकांना प्रयोगशाळेशिवाय कळले होते.

तंबाखू तिथलीच. फ्रान्सचा पोर्तुगालमधला वकील ज्याँ निको याने १५६०च्या सुमारास ती लिस्बनहून फ्रेंच दरबारात पाठवली, आणि राजमाता कॅथरिन डोकेदुखीवर तिची पूड ओढू लागली असे सांगतात. ‘निकोटीन’ हे नाव त्याच निकोवरून आले. आपल्या दख्खनेत तंबाखू आली ती पोर्तुगीजांमुळे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा सरदार असद बेग याने ती विजापुरात पाहिली आणि नवलाईची वस्तू म्हणून बादशहाकडे नेली. युरोपात तर या पुडीने चर्चलाही सतावले. १६४२ मध्ये पोप आठवा अर्बन याने सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखूला बंदी घातली, आणि १७२५ मध्ये पोप तेरावा बेनेडिक्ट याने ती उठवली. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, १७६१ मध्ये, लंडनच्या जॉन हिल याने तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकात झालेल्या कर्करोगासारख्या गाठींविषयी लिहिले. तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध सांगणारे हे अगदी पहिल्यांपैकी एक लिखाण. डोके हलके करणारे औषध म्हणून जे दोनशे वर्षे मिरवले ते असे निघाले.

तपकिरीने डोके ‘हलके’ व्हायचे ते कसे? निकोटीन नाकाच्या अस्तरातून रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर मेंदूत पोचते. ही झाली वळणाची वाट. सरळ वाट कशासाठी हवी हे कळायला १८८५ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी पॉल एर्लिकने प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले तेव्हा सारे अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. १९१३ मध्ये त्याचा शिष्य एडविन गोल्डमन याने उलट प्रयोग करून मेंदूभोवतीच्या द्रवात रंग घातला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कुंपण आहे, आणि बहुसंख्य औषधे त्याच्या अलीकडेच अडतात, हे पुढे स्पष्ट झाले.

नाकाचे महत्त्व इथे आहे. नाकाच्या छताशी चाळणीसारखे बारीक भोकांचे हाड असते. वासाच्या मज्जापेशी नाकातल्या हवेला भिडलेल्या असतात आणि त्यांचे तंतू त्या भोकांतून थेट मेंदूत जातात. उंदरांवरच्या प्रयोगांत काही द्रव्ये या वाटेने मेंदूत पोचलेली दिसली आहेत. हळदीतल्या कर्क्युमिनवर असे पुष्कळ प्रयोग झाले, कारण पोटातून ते फारसे शोषलेच जात नाही. पण उंदराच्या नाकातला जवळजवळ निम्मा अस्तर वासाचा असतो, आपल्यात तो दहा टक्क्यांहूनही कमी. तेव्हा उंदराचा निकाल आजोबांना लावायची घाई नको. स्नोड्रॉपच्या कंदात सापडणारे गॅलँटामाईन २००१ पासून अमेरिकेत अल्झायमरवर दिले जाते, पण तोंडाने. ते नाकातून द्यायचे प्रयोग झाले आहेत. मात्र विस्मरणाच्या आजारावर वनस्पतीपासूनच्या एकाही नाकाच्या औषधाला येथील औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही. मेंदूसाठी म्हणून हळदीचे किंवा ब्राह्मीचे थेंब महाग दराने विकणारा भेटला तर हे ध्यानात असू द्यावे.

नाकातून घेतलेले वनस्पतिजन्य औषध मेंदूवर काम करते याचा भक्कम पुरावा हवा असेल तर तो अफूत आहे. नॅलॉक्सोन हे औषध अफूच्या बोंडांतल्या द्रव्यांवर प्रक्रिया करून बनवतात, आणि काम करते अफूच्याच विरुद्ध. अफूजन्य औषधांचा अतिरेक होऊन श्वास थांबत आलेल्या माणसाला ते नाकात फवारले की काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. २०१५ मध्ये त्या फवाऱ्याला येथे मान्यता मिळाली, आणि २०२३ पासून तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो. तो जातो मात्र वळणाच्या वाटेने, रक्तातून. ज्यांची मुले कॉलेजात आहेत त्यांनी घरी एक ठेवायला हरकत नाही. “आमच्यात असलं काही नसतं” असे म्हणू नये.

आता तेल आणि पाणी. १९२५ मध्ये टोरांटोच्या डॉ. लॉघलेन यांनी नाकात तेलकट औषध घातल्याने ते फुप्फुसात उतरून झालेल्या न्यूमोनियाची नोंद केली. हा धोका जास्त असतो तो तान्ह्या मुलांना आणि गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांना. तेव्हा सासूबाईंनी देशातून आणलेली अणुतेलाची बाटली पाळण्याजवळ नेऊ नये. वाग्भटाच्या सात आणि ऐंशी या आकड्यांची इथे आठवण होते.

जलनेतीबद्दल तर अधिक सांभाळावे. २०११ मध्ये लुईझियानात दोन माणसे नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे दगावली. गोड्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकात गेला की वासाच्या तंतूंवरून, त्या चाळणीतून, सरळ मेंदू गाठतो. त्यातून वाचणारे फार थोडे. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबांमुळे मेंदूला सूज येऊन बरेच रुग्ण दगावले. असा आजार क्वचित होतो, पण टाळणे सोपे आहे. नेतीच्या भांड्यात दुकानातले ‘डिस्टिल्ड’ किंवा ‘स्टराईल’ लिहिलेले पाणी घ्यावे, नाहीतर नळाचे पाणी तीन ते पाच मिनिटे खळखळ उकळून कोमट झाल्यावर वापरावे. फ्रीजच्या फिल्टरचे पाणी त्यासाठी चालत नाही. उकळून झाकून ठेवलेले पाणी चोवीस तासांत संपवावे.