महिना बरोबर, घड्याळ चुकीचे

एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरला येऊ नका, दिवाळीनंतर या, असा सल्ला पाहुण्यांना हल्ली सर्रास दिला जातो. पाहुणे तरीही येतात, कारण शाळांना सुट्टी तेव्हाच असते. सकाळी नाश्तापाणी उरकून दहाला लॉजवरून निघायचे, अंबाबाईच्या रांगेत बारा वाजवायचे, दोनच्या उन्हात पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी फोटो काढायचे आणि परतल्यावर ‘ऊन फार होते हो’ म्हणून सांगायचे, असा त्यांचा क्रम. दोष उन्हाळ्याच्या माथी मारला जातो. पण या मुलखातल्या देवळांना आणि समाध्यांना जाण्याचा जुना हंगाम उन्हाळाच होता. तो कोणी नाइलाजाने पत्करलेला नव्हता. शेती, नदी आणि चंद्र या तिन्हींचा हिशेब त्यामागे होता. बिघडले आहे ते दिवसाचे वेळापत्रक.

पहिला पुरावा पाण्याचा. शिवाजी पेठेतून रंकाळ्यावर उतरले की काठालगत पाण्यात दगडी संध्यामठ दिसतो. तलाव तुडुंब असताना त्याचे छत तेवढे वर राहते. खांब, ओटा आणि आतली बैठक पाहायची तर पाणी खाली जाण्याची वाट पाहावी लागते, आणि ते जाते उन्हाळ्यात. पंचगंगा घाटावरची लहान देवळे आणि त्यांच्या शेजारच्या समाध्यांचेही तेच. पावसाळ्यात नदी चढली की दीपमाळा आणि शिखरे वर, बाकी सगळे गढूळ पाण्याखाली. नृसिंहवाडीला तर नदीचे पाणी देवळात शिरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते तो क्षण सोहळा म्हणून साजरा होतो. समाधी नदीकाठी, त्यातही संगमावर बांधण्याची आपली रीत इतकी पक्की, की कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात वारले तेव्हा त्यांचे दहनही आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर झाले; तिथली छत्री आजही उभी आहे. करवीरच्या गादीचा पाया घालणाऱ्या ताराराणींची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेच्या काठी आहे. ज्या संस्कृतीने आपले मृत नदीच्या कुशीत ठेवले, तिची स्मारके पाहण्याचा मोसम नदीच ठरवणार. नदी ती दाखवते फाल्गुन ते वैशाख.

दुसरा पुरावा पंचांगातला. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. डोंगर तीन हजार फुटांवरचा. मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी 1730 मध्ये बांधवले, शेजारच्या केदारेश्वराचे देऊळ 1808 मध्ये दौलतराव शिंद्यांनी. मानाची पहिली सासनकाठी येते ती सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची. म्हणजे लांबची वाट, खांद्यावर उंच कळक, सोबत बायका-मुले आणि शिधा. असा प्रवास कधी शक्य होता? रब्बीची मळणी उरकलेली असते, पेरणीला दीड-दोन महिने अवकाश असतो, नद्यांना पायउतार असतो, गाडीवाटांचा चिखल वाळलेला असतो. आणि मुख्य म्हणजे शुद्ध पक्षाच्या शेवटच्या आठवड्यात चंद्र रात्रीचा बराच वेळ आकाशात असतो. वीज आणि डांबरी सडक नव्हती तेव्हा उन्हाळ्यातले बैल आणि माणसे रात्री चालत, दुपारी आंब्या-वडाखाली पथारी टाकत. पौर्णिमेच्या यात्रेला जाणाऱ्याची वाट उजेडाची असे. डोंगरावरची यात्रा आटोपली की दुसऱ्या दिवशी खाली कोल्हापुरात अंबाबाईचा रथ निघतो, तोही रात्री. यात्रेकरूने परतताना तो पाहावा अशीच जणू ही सांगड आहे.

यावर कोणी म्हणेल, तिथी देवाच्या कथेवरून ठरते, शेतकऱ्याच्या सवडीवरून नव्हे. आषाढीला वारकरी भर पावसात पंढरपूर गाठतातच, आणि जोतिबाचीही श्रावण षष्ठीला यात्रा असते. मुद्दा खरा आहे. पाऊस म्हणून देव बंद राहत नाही. पण एकाच देवाच्या दोन यात्रांपैकी लांबच्या गावांच्या सासनकाठ्या येतात त्या चैत्रात, श्रावणात नाही. कथेने तिथी दिली असेल, तिला महायात्रा केले ते मोकळ्या हातांनी आणि कोरड्या वाटांनी. पंढरीच्या वारीचे गणित वेगळे. तिला पाऊस हवाच असतो, पेरणी करून निघालेल्या माणसाला तो शकुन वाटतो. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: सासनकाठ्यांची मिरवणूक तर भर दुपारीच सुरू होते! मग ऊन टाळण्याचे शहाणपण कुठे गेले? गुलालाने लाल झालेला, अनवाणी, कमरेच्या पट्ट्यात काठी तोलणारा आणि चारी बाजूंच्या दोरखंडांवर भरवसा ठेवणारा माणूस ऊन टाळत नाही, तो ते अंगावर घेतो. तो नवस आहे, कष्टाचे दान आहे. परंतु त्याच दिवशी देवाची पालखी यमाई देवीच्या भेटीला निघते ती ऊन कलल्यावर. तप काठीवाल्यांनी करायचे, बाकीच्या जत्रेने सावली धरायची, हा भेद जुन्या लोकांना नीट ठाऊक होता. आजचा पर्यटक मात्र तपश्चर्येची वेळ निवडतो आणि अपेक्षा धरतो सहलीच्या सुखाची.

वेळेचे हे भान बांधकामातही आहे. काळा पाषाण सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. म्हणून उघडी फरसबंदी दुपारी तळपाय भाजते आणि दिवेलागणीनंतरही गरम लागते, तर जाड भिंतींचा गाभारा आणि खोल सभामंडप बाराच्या उन्हातही रात्रीचा गारवा धरून असतो. तेव्हा उघड्यावरच्या जागा, म्हणजे घाट, समाध्या, संध्यामठ, सूर्य वर येण्याआधी. बंदिस्त देवळे चढत्या उन्हात. डोंगर आणि गड संध्याकाळी, हा क्रम दगडच सांगतो. पन्हाळ्यावर दुपार गाठलीच, तर तटावर फिरण्यापेक्षा तीन मजली अंधारबावीत उतरावे. शत्रूपासून पाणी राखण्यासाठी बांधलेली ती विहीर उन्हापासून माणसालाही राखते.

या नियमाला एक देखणा अपवाद आहे, खिद्रापूरचा. कोपेश्वराचे देऊळ शिलाहारांच्या काळातले. यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा देवनागरी शिलालेख तिथे आहे. पुढच्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळीक, तिच्या बरोबर खाली गोल शिळा आणि भोवती कडे करून बारा खांब. होमाचा धूर जावा म्हणून हे छत उघडे ठेवले असे सांगतात. ते असो. खिद्रापूरचे अक्षांश पावणेसतराच्या आसपास, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. त्या वेळी उन्हाची गोल चकती छतातून सरळ खालच्या शिळेवर उतरते. सूर्य पुन्हा असाच माथ्यावर येतो ऑगस्टच्या आरंभी, पण तेव्हा शिरोळ तालुक्यावर ढग असतात आणि कृष्णेचे पाणी कधी कधी देवळापर्यंत आलेले असते. मावळतीचे किरण मूर्तीवर पडतात त्या अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी लोक नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर गर्दी करतात. खिद्रापूरच्या या उभ्या किरणाची दखल कोणी फारशी घेत नाही. तो फक्त उन्हाळ्यात दिसतो.

सर्वांत वजनदार आक्षेप आजच्या काळाचा आहे. पूर्वीचा उन्हाळा सोसवत असे, आता डांबर, सिमेंट आणि गाड्यांनी शहराची भट्टी केली, तिथे जुन्या यात्रेचे दाखले कशाला देता? हे मान्य करावेच लागेल, आणि शिवाजी पेठेइतका त्याचा ठळक दाखला दुसरीकडे शोधायला नको. पेठेतले गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ. तळे बुजले, मैदान झाले, आणि आजही मोठा पाऊस झाला की तिथे पाणी साचून तळ्याची आठवण निघते. कपिलतीर्थावर मंडई आली. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले. अंबाबाईच्या आवारातले मणिकर्णिका कुंडही विसाव्या शतकात बुजवले गेले होते. ते अलीकडे पुन्हा उकरले. पायी आलेल्याने हात-पाय धुवावेत, पंचा भिजवून डोक्यावर घ्यावा, घटकाभर काठावर टेकावे, अशी ही ठिकाणे हाकेच्या अंतरावर होती. ‘तीर्थ’ म्हणून त्यांना पुण्य चिकटले, पण उन्हाळ्यातल्या यात्रेचे ते विसावे होते. विसावे आपणच मोडले आणि आता ऊन असह्य म्हणतो. तळी बुजवणाऱ्यांचीही बाजू होती. साचलेल्या पाण्याने रोगराई होई, वाढत्या गावाला जागा हवी होती. पण गाळ काढणे हाही एक उपाय होता, आणि तो रंकाळ्याच्या वाट्याला आला म्हणून रंकाळा राहिला.

हिवाळ्याचा पर्याय बाहेरच्यांना सोयीचा दिसतो. इथल्या शेतकऱ्याला तो कधीच नव्हता आणि अजूनही नाही: दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ऊसतोड, कारखान्याची पाळी, गुऱ्हाळाचे चुलवाण. त्याला सवड मिळते ती चैत्रातच, आणि त्याच्यासाठी आखलेली यात्रा त्यामुळेच टिकली. शिवाय हिवाळ्यात रंकाळा भरलेला असतो, म्हणजे संध्यामठ पाहायला आलेल्याने छत पाहून परतायचे.

तेव्हा दोन दिवस काढून येणाऱ्यांनी एप्रिल-मे टाळू नये, दहा ते पाच टाळावे. पहिल्या दिवशी उजाडताना संध्यामठ आणि पंचगंगा घाट, तिथून चालत अंबाबाई, दुपारी झोप, ऊन कलल्यावर जोतिबा. दुसऱ्या दिवशी खिद्रापूर, आणि मेचा पहिला आठवडा असेल तर तिथे साडेबारापर्यंत थांबावे. संध्याकाळी पन्हाळा, पण दुपारनंतर वळवाचे ढग जमले तर गडावर जाण्याचा हट्ट धरू नये; वीज तिथे आधी पडते. कोल्हापुरात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागतो. बेत त्याआधीचा असावा.