बाबांचा गोगोला

जपानी राक्षसपट हा माझा जुना नाद. बायकोच्या मते ही रबरी सूट घातलेल्या माणसांची कुस्ती आहे, आणि तिचं अगदीच चुकतं असंही नाही. तरी कुणी चुकून "तुझे आवडते कोणते रे?" असं विचारलंच, तर माझी यादी तयार असते. त्या यादीतला एक चित्रपट मात्र मी पाहिलेला नाही आणि बहुधा पाहताही येणार नाही. त्याच्याकडे येतोच.

सुरुवात झाली दूरदर्शनवर. ऐंशीच्या दशकात 'जायंट रोबोट' नावाची मालिका लागायची. मूळची जपानी, १९६७-६८ सालची, भाग फक्त २६. जॉनी सोको नावाचा पोरगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि रोबोट उडत येऊन समुद्रातल्या, आकाशातल्या अजस्र प्राण्यांशी मारामारी करायचा. मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडवरच्या आमच्या इमारतीतली झाडून सगळी पोरं तेव्हा मनगट तोंडाशी धरून हिंडत. माझं घड्याळ बॉलपेनने काढलेलं होतं. शेवटच्या भागात रोबोट जॉनीचा हुकूम मोडतो, शत्रूला कवटाळून अंतराळात जातो आणि परत येत नाही. मी ढसाढसा रडलो. पेपर वाचणारे बाबा म्हणाले, "अरे, आमच्या वेळी गोगोला होता. समुद्रातून वर आला, थेट मुंबईतच..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. रोबोट मेला होता, आणि यांचं काय भलतंच!

असो. आधी यादी.

पहिला क्रमांक अर्थातच १९५४च्या 'गोजिरा'चा. अमेरिकेने १९५६ साली त्यात रेमंड बर नावाचा नट घुसवून, बरंच काही कापून जो जगभर फिरवला तो नव्हे, मूळचा. तो मी तिशीत पाहिला, मित्राने आणलेल्या डीव्हीडीवर. हसायच्या तयारीने बसलो होतो. पण त्यात एक बाई पोरांना पोटाशी धरून जळत्या टोकियोत बसलेली आहे आणि त्यांना सांगते आहे की आता आपण बाबांकडेच जाणार. तिथे माझं हसू थांबलं.

याच्या मागची गोष्ट अशी. १ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीचं नाव (नशिबाची थट्टा बघा) 'भाग्यवान ड्रॅगन'. तिच्यावर २३ माणसं होती. त्यांतला वायरलेस ऑपरेटर, आइकिची कुबोयामा, सप्टेंबरात गेला. ३ नोव्हेंबरला 'गोजिरा' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धात सैनिक होते, आणि चीनमधून परतताना त्यांनी हिरोशिमाचे अवशेष डोळ्यांनी पाहिले होते. त्याच वर्षी २ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली होती. म्हणजे दिल्लीत जे भाषणात आलं, ते टोकियोत ५० मीटर उंचीचा प्राणी होऊन आलं. जपानमध्ये त्याची ९६ लाखांवर तिकिटं खपली.

आणखी एक. आपल्याकडे कुरोसावाचं नाव निघालं की माणसं सावरून बसतात आणि गॉडझिला म्हटलं की हसतात. 'सेव्हन सामुराय' त्याच वर्षाचा, त्याच तोहो कंपनीचा, आणि त्यातला म्हातारा सामुराय ताकाशी शिमुरा इथे प्राध्यापक झालाय. तोच चेहरा, तीच थकलेली नजर. मग एकाला नमस्कार आणि दुसऱ्याला टवाळी का?

दुसरा 'गॉडझिला विरुद्ध हेडोरा', १९७१. समीक्षकांना नका विचारू. निर्माते तोमोयुकी तनाका तेव्हा रुग्णालयात होते. बाहेर येऊन त्यांनी चित्रपट पाहिला आणि दिग्दर्शक योशिमित्सु बान्नोवर ते भयंकर चिडले म्हणतात. त्यात गॉडझिला चक्क उडतो, तेव्हा चिडणं समजू शकतो. पण हेडोरा म्हणजे गाळ. कारखान्यांच्या सांडपाण्यावर वाढलेला, चिमणीवर तोंड ठेवून धूर ओढणारा गाळ. संध्याकाळी वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास घरात यायचा आणि आई धावत जाऊन खिडक्या लावायची, अशा घरात मी वाढलो. हायवेपलीकडचा तो कचऱ्याचा डोंगर २०१८ला बंद झाला. हेडोरा मला कधी काल्पनिक वाटलाच नाही.

'मॉथ्रा' (१९६१) गाण्यासाठी आणि त्या दोन चिमुकल्या जुळ्या बहिणींसाठी. 'शिन गॉडझिला' (२०१६) बैठकांसाठी! प्राणी शहरात शिरतो आणि अधिकारी या खोलीतून त्या खोलीत बैठकीला जातात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री मी कुर्ल्याहून मुलुंडपर्यंत पाण्यातून चालत आलो होतो. मला तो चित्रपट कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आता गोगोला. १९९८ला अमेरिकन 'गॉडझिला' हिंदीत डब होऊन आला तेव्हा मी बाबांना घेऊन गेलो. परतताना ते म्हणाले, "आपला गोगोलाच बरा होता." मी म्हटलं, "अहो बाबा, गॉडझिला म्हणतात त्याला. तुमचा काहीतरी घोळ होतोय." ते गप्प झाले. कॉलेजात शिकलेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर काय बोलणार?

बाबा २०११ला गेले. २०१४ला नवा गॉडझिला आला, तेव्हा सहज इंटरनेटवर शोधताना समोर आलं: 'गोगोला', हिंदी, १९६६. दिग्दर्शक बलवंत दवे. कलाकार आझाद आणि तबस्सुम. संगीत रॉय-फ्रँक. समुद्रातून राक्षस येतो आणि मुंबईवर हल्ला करतो.

तबस्सुम! 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' लागलं की बाबा दर वेळी म्हणायचे, "ही होती बरं का त्यात." आम्ही दर वेळी दुर्लक्ष करायचो.

चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. गाणी उरली आहेत, जाहिरातीची पुस्तिका उरली आहे. यात नवल नाही. जिथे 'आलम आरा'ची प्रत उरली नाही, तिथे स्वस्तातल्या मारधाडपटाला कोण जपणार? पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ला सुरू झालं, पण फिल्म तिथे कुणीतरी नेऊन द्यावी लागते. जुन्या कृष्णधवल प्रती तर त्यातली चांदी काढायला विकल्या जात. जगभरातले राक्षसपटांचे नादिष्ट आज 'गोगोला'बद्दल एकमेकांना विचारत असतात. ज्याने तो पाहिला होता, तो माणूस माझ्याबरोबर एका घरात तीसेक वर्षं राहिला. राक्षस समुद्रातून वर आल्यावर पुढे काय झालं, हे विचारायला मला दोन मिनिटं लागली असती.

बाबांना लालबागच्या थिएटरात घेऊन जाणारे थोरले काका अजून आहेत. त्यांना फोन केला. म्हणाले, "मला कुठलं आठवतंय? त्याला सगळं पाठ होतं, त्याला विचारायचंस." मग थोडं थांबून म्हणाले, मध्यंतरानंतर तो घाबरून घरी चल म्हणून मागे लागला होता. पण तिकिटाचे पैसे वाया जातील म्हणून त्याचा हात धरून शेवटपर्यंत बसवून ठेवला.