कौंडण्यपूरच्या वाटेवरची पडशी

वर्धेच्या काठावरचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिथून आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाणारी पालखी सदाराम महाराजांनी १५९४ साली सुरू केली, असं संस्थानची परंपरा सांगते. तिवसा तालुक्यातून निघालेली ही वाट वऱ्हाड आणि मराठवाडा ओलांडून भीमेकाठी पोचते. अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त आणि चाल महिनाभराहून अधिक. पालख्या आणि पादुका पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या, पण वारकऱ्याच्या खांद्यावरची पडशी कुणी जपली नाही. सुती कापड विरलं की तिचं फडकं झालं आणि ती संपली. म्हणून इतिहासात तिला जागा मिळाली नाही. पण इतक्या लांबच्या वाटेवर माणूस इतकी लहान पिशवी घेऊन कशाच्या भरवशावर निघत होता, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. माझं म्हणणं असं की पडशी हलकी राहिली ती कापडामुळे किंवा वैराग्यामुळे फार थोडी. तिचा हलकेपणा वाटेवरच्या चुलींनी, छपरांनी आणि ठरलेल्या मुक्कामांनी उभा केला होता.

आधी वस्तूच नीट पाहू. पडशी म्हणजे जाड कापडाची लांब पट्टी, दोन टोकांना दोन कप्पे. खांद्यावर टाकली की एक कप्पा छातीवर येतो, दुसरा पाठीवर. पुढचं-मागचं वजन एकमेकांना तोलतं, म्हणून अंग एका बाजूला झुकत नाही, आणि दोन्ही हात टाळ-पताकेला मोकळे राहतात. पुढच्या कप्प्यातली वस्तू चालता चालता काढता येते. रिकामी झाली की चार घड्यांत बसते, रात्री उशाला येते. आत एखादं जादा धोतर किंवा लुगडं, पंचा, गोपीचंदन, हरिपाठ, तांब्या, आणि पहिल्या दोन दिवसांपुरत्या दुधात मळलेल्या दशम्या. अडचण ऋतूची होती. कौंडण्यपूरचा वारकरी निघतो ज्येष्ठाच्या वऱ्हाडी उन्हात आणि पोचतो आषाढात, म्हणजे एकाच पडशीला दोन ऋतू सांभाळायचे. मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीचा चिखल प्रत्येक पावलाला चिकटतो आणि पायच जड होतात; तेव्हा खांद्यावरचा एकेक जिन्नस जाणवू लागतो. वर ओलं घोंगडं कोरड्याच्या कितीतरी पट जड. पुढे प्लास्टिकचा कागद आला आणि हे ओझं खरोखर कमी झालं. पडशीच्या सामानात इतका मोठा फरक मला दुसरा दिसत नाही.

यावर एक आक्षेप सहज येतो: वारकरी गरीब शेतकरी, त्याच्याकडे न्यायला होतंच काय? पण गरिबीने प्रवासातलं ओझं घटत नाही, वाढतं. मराठवाड्यातून उसाच्या फडाकडे निघालेलं जोडपं पाहा: भांडी, अंथरुणं, पीठ, सरपण, कोंबड्या, सगळा संसार सोबत घ्यावा लागतो, कारण पुढे कुणी काही देईल याची खात्री नसते. ज्याला पुढच्या गावी भाकर मिळणार हे ठाऊक आहे, तोच पीठ घरी ठेवू शकतो. दुसरा पुरावा रेल्वेचा. १८६० च्या दशकात रेल्वे बडनेऱ्यापर्यंत आली आणि १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला पोचली. तेव्हापासून वऱ्हाडातल्या माणसाला भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी करत गाडीने विठोबाच्या दारी जाता येत होतं, आणि पुष्कळ जण गेलेही. तरी पालखी पायीच चालत राहिली. दुसरा मार्ग उघडल्यावरही जे टिकतं, त्याला नाइलाज म्हणता येत नाही.

दिंडीची घडी हेच या हलकेपणाचं यंत्र. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला दिंड्यांचा क्रम आणि शिस्त लावून दिली, ती सर्वांना माहीत आहे. पण तिथी आणि मुक्काम ठरलेला असणं ही गरज लांबच्या पालख्यांना अधिक होती. अमुक तिथीला पालखी येणार हे गावाला कळलेलं असलं की गाव दळण आधी दळून ठेवतं. त्या दळणाचं श्रेय घरातल्या बायांचं आहे, हे इथे स्पष्ट लिहायला हवं: वारकऱ्याच्या पडशीत जे पीठ नव्हतं, ते कुणीतरी पहाटे जात्यावर दळलेलं होतं. अंथरुणं आणि मोठी भांडी बैलगाडीत, पुढे ट्रकमध्ये. आणि ही घडी सगळ्यांना सारखी हलकी पडत नव्हती. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीतल्या ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणं वेगळी होत असल्याचं नोंदवलं आहे आणि त्याचं दुःखही मांडलं आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दुसरी चूल म्हणजे दुसरा तवा, दुसरं पातेलं, दुसरी परात. जातीला वजन असतं, आणि वाटेवर ते कुणीतरी वाहतं.

सगळ्यात जड पडशी अर्थात त्यांची, ज्यांच्यासाठी ना चूल होती ना ओटा. याचं उत्तर वऱ्हाडातूनच आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर गाडगं, खराटा आणि चिंध्यांचा पेहराव यांपलीकडे काही बाळगत नव्हते. त्यांच्याइतकं हलकं चालणारा माणूस महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. पण बाबांनी लोकांना नुसतं ‘कमी घ्या’ म्हटलं नाही. त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली, आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या स्वाधीन केली. ज्याला कुठलंही छप्पर नाकारलं जात होतं, त्याला हक्काचं छप्पर मिळालं तेव्हा त्याच्या डोक्यावरचं बोचकं कमी झालं.

आता उरतो तो आक्षेप कडक आहे: सामान ट्रकमध्ये आणि खांद्यावर छोटी सॅक, यात हलकं चालणं कुठलं? ओझं फक्त जागा बदलून बसलं. हे खरं आहे, आणि ते नाकारण्याची गरजही नाही. एकट्याने चालणाऱ्याचंही याहून वेगळं नसतं. १९५५ मध्ये एमा गेटवूड या सदुसष्ट वर्षांच्या अमेरिकन बाईने अ‍ॅपलेशियन ट्रेल हा तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा डोंगरी रस्ता एकटीने पार केला. खांद्याला स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा, तंबू नाही. हलकं सामान घेऊन चालणारे आजही तिचं नाव घेतात. पण वाटेवरच्या अनोळखी घरांनी तिला जेवू घातलं, झोपायला जागा दिली, हा भाग पिशवीच्या कौतुकात मागे पडतो. फरक एवढाच की तिची घरं योगायोगाने भेटत होती आणि कौंडण्यपूरच्या पालखीची तिथी ठरलेली. २०२१ मध्ये साथीमुळे मानाच्या दहा पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या, त्यात कौंडण्यपूरचीही होती. सामानाची चिंता कुणालाच नव्हती, पण ती पालखी येईल म्हणून वाटेवरच्या गावांत ना दळण झालं, ना शाळेचे व्हरांडे झाडून घेतले गेले. पडशीचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याने नमुन्याच्या पिशव्या शोधत बसू नये; मुक्कामाच्या गावांत कोणत्या घराकडे कोणत्या दिंडीची पंगत होती, धर्मशाळांना जागा कुणी दिली, गाडीत कुणाच्या सामानाला जागा मिळाली आणि कुणाच्या नाही, हे त्या त्या घरांत जाऊन विचारावं. पंगतीचा मान सांभाळणारी घरं अजून ते सांगू शकतात.